मान वळवलेला घोडा

लोव्हनेस, १४ ऑक्टोबर १९५४

सिग्ने,

तुझं पत्र पोचलं. किरुनात बर्फ पडून गेलं आणि आता सूर्यही तोंड लपवणार म्हणून तू कुरकुरतेस. इतक्या उत्तरेला जाऊन बसू नकोस म्हणून मी तेव्हाच सांगत होते, पण खाणीतल्या त्या तुझ्या नवऱ्यापुढे, एवेर्टपुढे, थोरल्या बहिणीचं कोण ऐकतंय. सोबत लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी पाठवते आहे. ज्या फडक्यात ती गुंडाळली आहे ते मात्र परत पाठव. तुझ्याकडे गेलेलं फडकं परत येत नाही असा अनुभव आहे.

इकडे बटाटे काढून झाले. माझं रंगकाम जोरात आहे. मोरामधला व्यापारी म्हणतो, नाताळाआधी जितके लाकडी घोडे देता येतील तितके द्या. परदेशी लोकांना आपल्या लाल घोड्यांचं वेड लागलंय म्हणे. घोडे नेहमीसारखे तळ्यापलीकडून, स्मिड्सांच्या घरून येतात. आल्बिन कोरतो आणि मी रंगवते, हे माझा नवरा होता तेव्हापासून चालत आलंय. आजवर आल्बिन स्वतः होडीतून पोतं घेऊन यायचा, कॉफी प्यायचा, खिडकीबाहेर बघत ‘वारा आहे’ किंवा ‘वारा नाही’ एवढं बोलायचा आणि जायचा. या खेपेला आलाच नाही. पोतं दूधगाडीवाल्या एनोकबरोबर आलं. त्याला विचारलं तर म्हणतो, “मला काय ठाऊक, योलिनकाकूंनी गाडीत टाकलं.” योलिनकाकू तुला आठवत असतील. आल्बिनची आई. ऐंशी उलटली, पण गाईला अजून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तर त्या पोत्यात एक घोडा विचित्र निघाला. आपला घोडा म्हणजे कसा, जाड मान, आखूड पाय, नजर समोर. आपल्या आजोबांच्या आजोबांपासून तो समोरच बघतोय. याची मान मात्र डावीकडे वळलेली, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी. बाकीचे घोडेही जरा वेगळेच वाटतात, सुरीचे वार लहान लहान, घाबरल्यासारखे. मला वाटतं आल्बिनची नजर गेली. नाहीतर प्यायला लागला असेल. एकटा पुरुष, घरात म्हातारी आई, पुढे लांबलचक हिवाळा, माणूस काहीही करू शकतो.

तो घोडा व्यापारी घेणार नाही. रंगवून खिडकीत ठेवलाय.

तुझी,
हुल्दा

किरुना, ६ नोव्हेंबर १९५४

ताई,

मुरंबा पोचला. फडकं धुऊन वाळत घातलंय, वाळलं की पाठवते. इथे काहीही वाळायला नाताळ उजाडतो, तेव्हा घाई करू नकोस.

तुझं पत्र मी खाणावळीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि इतकी हसले की बटाटे करपले. जेवायला आलेले खाणीतले लोक विचारतात, सिग्नेबाई, झालं काय? मी म्हटलं, माझ्या बहिणीला एका पुरुषाने मान वळवलेला घोडा पाठवलाय आणि ती म्हणते तो पितो.

अगं, जरा डोकं चालव. जो माणूस इतकी वर्षं तुझ्या टेबलाशी बसून वाऱ्याबद्दल बोलतो, तो एकाएकी यायचा थांबतो आणि मागे वळून बघणारा घोडा पाठवतो. हा नजरेचा दोष नाही, ताई. तो लाजतोय. इथे आमच्याकडे एका खाणमजुराने धुलाई करणाऱ्या बाईला कुऱ्हाडीच्या दांड्यावर फुलं कोरून दिली होती. आता त्यांना जुळी पोरं आहेत.

आल्बिन पूर्वीपासून तसाच. शाळेत असताना तू बर्फात पडलीस तेव्हा तुझी टोपी उचलून दिली आणि तोंडातून शब्द न काढता पळून गेला. मी तेव्हा एवढीशी होते, तरी मला कळलं होतं.

घोडा खिडकीत ठेवलास म्हणतेस. कुठल्या खिडकीत? तळ्याच्या बाजूच्या?

सिग्ने

लोव्हनेस, २ डिसेंबर १९५४

सिग्ने,

तळ्याच्या बाजूला उजेड चांगला येतो, म्हणून त्या खिडकीत ठेवला. दुसरं काही कारण नाही. तुला खाणावळीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी चोपन्न वर्षांची विधवा आहे, माझ्या हाताला कायम टर्पेंटाइनचा वास येतो आणि गुडघा दुखतो. असल्या बाईला कुणी घोडे कोरून निरोप पाठवत नाही.

टोपीचं मात्र खरं आहे. मी विसरले होते.

गेल्या आठवड्यात नवं पोतं आलं. परत एनोकबरोबर. सगळे घोडे चांगले, वारही आता धीट झालेत. पण तळाशी एक असा की मला दिवाच जवळ आणावा लागला. तो हसतोय, सिग्ने. घोड्याचे ओठ मागे ओढलेले, दात दिसतात. असा घोडा या तळ्याकाठी कुणी कोरला नसेल. पहिल्यांदा राग आला. मग दिवसभर रंगवताना मान वर केली की तो समोर हसत उभा, आणि माझ्या तोंडावरही हसू यायचं. रेडिओवर हवामान सांगत होते तरी हसू.

शेवटी मी ठरवलं की आल्बिनला चूक दाखवून दिलीच पाहिजे. म्हणून तो घोडा रंगवून एनोकबरोबर परत पाठवला. लाल रंग संपत आला होता, तेव्हा निळा दिला. त्यावर खोगीर आणि थोडी फुलं. एकाच ब्रशावर पांढरा आणि पिवळा घेऊन एका फटक्यात पाकळी उठवतात ना, तशी. एनोक म्हणाला, “हा विकायचा नाही वाटतं?” मी म्हटलं, “तू गाडी चालव.”

नाताळासाठी सुकवलेला मासा भिजत घातलाय. एकटीपुरता. यंदा एक तुकडा जास्तच पडला.

हुल्दा

किरुना, ५ जानेवारी १९५५

ताई,

लाल रंग संपत आला होता. मोरामधल्या व्यापाऱ्याला वर्षभर लाल घोडे पुरवणाऱ्या बाईचा लाल रंग, तोही नाताळाच्या तोंडावर, संपत आला होता. मी हे वाक्य एवेर्टला वाचून दाखवलं. एवेर्ट तसा गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण तोही पाईप काढून म्हणाला, “तुझी बहीण गेली कामातून.”

चूक दाखवायची तर घोड्याच्या तोंडावर खडूने रेघ मारतात. पाठीवर फुलं काढून परत पाठवत नाहीत.

मला एवढंच सांग, उत्तर आलं का?

आमच्याकडे अजून अंधारच आहे, पण दुपारी डोंगरामागे आकाश जरा गुलाबी होतं. खाणावळीतले सगळे ताट हातात घेऊन ते बघायला बाहेर येतात. सूप गार होतं, पण कुणी तक्रार करत नाही.

सिग्ने

लोव्हनेस, २० फेब्रुवारी १९५५

सिग्ने,

आलं. एक घोडा, मान उजवीकडे वळलेली. खिडकीतला पहिला डावीकडे बघतो ना, त्याच्या शेजारी हा ठेवला की दोघं एकमेकांकडे बघतात. मी त्यांना वेगळं करून पाहिलं, पाठीला पाठ लावून पाहिलं, पण ते चांगलं दिसेना. आता समोरासमोर ठेवलेत.

बरं, मी काही नादावलेली नाही. पण आता मला तिकडे जायचं कारण आहे. खरोखरचं कारण. व्यापारी मोराहून आला होता. खिडकीतले घोडे बघून हातात घेतले, फिरवले, मला परत द्यायला तयार नव्हता. म्हणाला, हे कुणी केले? मी म्हटलं, स्मिड्स आल्बिनने. तर म्हणाला, जूनमधल्या मिडसमरच्या जत्रेत आल्बिनला मांडवात बसवायचं, लोकांसमोर घोडा कोरून दाखवायचा, आणि स्मिड्सांचे घोडे यापुढे स्वतंत्र नावाने विकायचे. हे आल्बिनला सांगायला कुणीतरी जायला हवं. एनोकच्या तोंडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

तळं आता पक्कं गोठलंय. गुडघा बरा झाला की घसरखुर्ची घेऊन जाईन. खुर्चीच्या मागे उभं राहून एका पायाने रेटत राहिलं की गुडघ्याला फारसा त्रास होत नाही. निळ्या कापडाचा एक नवा ब्लाउज शिवलाय. जुना फाटला होता. वेलचीचे पाव भाजून नेईन, रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

तू हसतेयस ते मला इथून ऐकू येतंय.

हुल्दा

लोव्हनेस, १३ मार्च १९५५

सिग्ने,

मी गेले होते. सगळं सांगते म्हणजे तुझी हौस फिटेल.

सकाळी ऊन होतं, बर्फावर पाय छान रेटत होता. पाव टोपलीत, नवा ब्लाउज अंगात. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं होतं: “आल्बिन, तुझे घोडे हल्ली बोलायला लागलेत.” चांगलं वाक्य होतं. वाटेत दोनदा म्हणून पाहिलं.

दार उघडंच होतं. आत गेले तर स्वयंपाकघरात चुलीजवळ योलिनकाकू बसलेल्या, पुढे चामड्याचा जुना एप्रन, मांडीवर लाकडाच्या ढलप्यांचा ढीग, डाव्या हातात अर्धा घोडा, उजव्या हातात सुरी. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या,

“आलीस होय. मी म्हटलं बर्फ वितळेपर्यंत येत नाहीस.”

मी टोपली हातात धरून उभी. म्हटलं, “काकू, हे तुम्ही…”

“मग कोण? गाय?”

गेल्या वर्षी सप्टेंबर लागताना आल्बिनच्या हातावर जंगलात ओंडका पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. सुरी धरता येत नाही. काम बंद पडलं तर व्यापारी दुसरा कोरणारा बघेल, म्हणून म्हातारीने सुरी उचलली. बापाच्या घरी होत्या तेव्हा त्या कोरायच्या, लग्न झाल्यावर पुरुषांनी सुरी घेतली आणि बायकांकडे गाय आली, असं त्यांनीच सांगितलं. आल्बिन लाजेने कुणाला सांगू देईना, म्हणून एनोक, म्हणून पोतं.

“आणि मान वळवलेला घोडा?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तो चुकला. हात थरथरला, सुरी नको तिथे शिरली, मग म्हटलं जाऊ दे, मानच वळवू. दुसऱ्याचे दात मुद्दाम काढले, गंमत म्हणून. कितीक वर्षांनी हातात सुरी आली होती, जरा मजा करू की नको?” मग सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की काय सांगू. “पण तू निळा घोडा पाठवलास. फुलांनी भरलेला. तेव्हा म्हटलं, अगंबाई, तिकडे तर जमीन ओली आहे. मी तुला सून म्हणून मागायला किती वर्षं तयार बसलेय, पण माझा पोरगा म्हणजे दगड. त्याच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. म्हणून म्हटलं, त्याचं काम आपणच करू. तिसरा घोडा मी विचार करून कोरला. आवडला ना?”

सिग्ने, माझे कान तापले. मी पाच महिने खिडकीत ज्या घोड्यांकडे बघत बसले, ते एका ऐंशी वर्षांच्या म्हातारीचे. नवा ब्लाउज म्हातारीसाठी. पाव म्हातारीसाठी.

तेवढ्यात आल्बिन आत आला. हातात सरपण होतं. मला बघितलं, आईला बघितलं, आईच्या मांडीवरच्या ढलप्या बघितल्या, आणि लालबुंद झाला. मी म्हटलं, “तुझा हात कसा आहे?” तो म्हणाला, “वारा नाहीये आज.” आणि सरपण ठेवून गोठ्यात निघून गेला. परत आला नाही.

काकूंनी कॉफी केली. मी पाव ठेवले, जत्रेचा निरोप सांगितला आणि निघाले. निघताना म्हणाल्या, “तो निळा घोडा त्याने दाढीच्या आरशाशी ठेवलाय.” मी म्हटलं, “ठेवू दे.” येताना ऊन डोळ्यांवर होतं, काही दिसत नव्हतं.

तुला हसायचं तर हस. पण माझीच वाक्यं मला पत्रातून वाचून दाखवू नकोस.

हुल्दा

किरुना, २८ मार्च १९५५

ताई,

मी हसले नाही. खरंच. पत्र वाचून झाल्यावर एवेर्टलाही दिलं नाही, खिशात ठेवलं.

मी चुकले. मी म्हटलं तो बोलतोय, आणि बोलत होती त्याची आई. पण रागावू नकोस, मला एक सांगू दे. म्हातारीने तुला फसवलं असेल, पण निळा घोडा आरशाशी तिने ठेवला नाही. बायकांना दाढी नसते. आणि ज्याच्या मनात काही नसतं, तो माणूस कॉफी पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि आरामात बसतो. गोठ्यात पळत नाही. टोपी देऊन पळाला होता, तसाच पळालाय. तेव्हा बाराचा होता, आता सत्तावन्नचा असेल, एवढाच फरक.

तू मात्र घोडे पाठीला पाठ लावून ठेवले असशील. मी ओळखते ना तुला.

उत्तर दे.

सिग्ने

किरुना, २४ एप्रिल १९५५

ताई,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. फडकं पाठवलंय, सोबत एवेर्टने दिलेलं काळं चॉकलेट आहे. तू रंगकाम सोडलंस असं एनोकच्या बहिणीने इथल्या तिच्या मैत्रिणीला, ग्रेटाला लिहिलंय. व्यापाऱ्याला सांगितलंस म्हणे की स्मिड्सांचे घोडे दुसऱ्या कुणाला दे. हे खरं आहे का? लोक काय, गव्हाचा दाणा पडला तर शेत पिकलं म्हणतात. पण खरं असेल तर मी रेल्वेत बसून येते आणि तुझा कान धरते, मोठी बहीण असलीस तरी.

एक ओळ लिही. नुसतं ‘जिवंत आहे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

सिग्ने

लोव्हनेस, १७ मे १९५५

सिग्ने,

जिवंत आहे.

खरं होतं ते. मी स्मिड्सांचे घोडे परत पाठवत होते. दुसऱ्या गावचे रंगवत होते, नजर समोर, तोंड बंद, शहाणे घोडे. रंगवताना झोप यायची. योलिनकाकूंनी एनोकबरोबर दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा, “तुझे पाव चांगले होते.” दुसऱ्यांदा, “रुसण्याचं वय नाही, माझं तर मुळीच नाही, लवकर कर काय ते.” मी उत्तर दिलं नाही.

गेल्या आठवड्यात तळ्याचं बर्फ फुटलं. तू लहानपणी ऐकायला रात्रभर जागायचीस तो आवाज, आठवतो? दोन दिवस तुकडे किनाऱ्याला लागत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर कपडे खळबळत होते, आणि बघते तर बर्फाच्या तुकड्यांमधून एक होडी येतेय, वाकडीतिकडी. एका हाताने वल्हवणारा माणूस सरळ कसा येणार? एक हात चांगला आणि दुसऱ्याची दोन बोटं नुसती चिकटवलेली. होडी गोल फिरायची, मग तो थांबायचा, सरळ करायचा, परत गोल.

मी काही त्याला मदत केली नाही. म्हटलं, येऊ दे.

धक्क्याला लागला. टोपी काढली. खिशातून काहीतरी काढून माझ्या ओल्या हातात ठेवलं. सिग्ने, असला घोडा मी जन्मात पाहिला नाही. एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड, एक कान गळून पडलेला, पोट हे एवढं.

मी म्हटलं, “हे काय आहे?”

“घोडा.”

“डुकरासारखा दिसतो.”

“आईही तेच म्हणाली.” मग तळ्याकडे बघितलं. मला वाटलं आता वाऱ्यावर येणार. पण म्हणाला, “हा मी केलाय. डाव्या हाताने. सगळा एप्रिल लागला.”

कपड्यांतून पाणी पायावर गळत होतं.

“आईने ते जे केलं,” तो म्हणाला, “ते मला माहीत नव्हतं. निळा घोडा आला तेव्हा ती म्हणाली, हुल्दाने तुला पाठवलाय. मला वाटलं आई माझी समजूत घालतेय. तू मला कशाला पाठवशील?”

“मग तू माझ्याकडे का आला नाहीस?”

“कोरता येत नव्हतं. रिकामं पोतं घेऊन येऊ?”

“कॉफीला यायचं.”

त्यावर त्याने विचार केला. खरंच विचार केला, सिग्ने, कपाळाला आठ्या घालून, जणू ही गोष्ट त्याला कधी सुचलीच नव्हती. मग मी सरळ विचारलं, आता लपवून काय उपयोग. “तिच्या घोड्यांनी जे सांगितलं, ते तुझ्या मनात आहे की नाही?”

तो म्हणाला, “आहे. फक्त मला ते इतकं नीट कोरता आलं नसतं.”

मग मी त्याला आत नेलं, कॉफी दिली. वाऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला ते इतकं की कॉफी दोनदा करावी लागली. ओंडका कसा पडला, रात्री हात कसा ठणकतो, शाळेतली माझी टोपी लाल होती की तपकिरी यावर आमचं भांडणही झालं. तपकिरी होती, तो म्हणतो लाल. तुला आठवत असेल तर कळव, मला त्याला खोटं पाडायचंय.

संध्याकाळी त्याला होडीतून मीच पलीकडे सोडलं. तो वल्हवत बसला असता तर मिडसमरलाच पोचला असता. योलिनकाकू धक्क्यावर हातात सुरी घेऊन उभ्या होत्या. आम्हाला एका होडीत बघितलं, मान डोलावली आणि आत जाऊन चुलीवर किटली चढवली.

मिडसमरच्या शनिवारी आमचं लग्न आहे. रविवारी जत्रा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बॅगेत एवेर्टला भर आणि ये.

डुकराला मी लाल रंग दिला. पोट जास्त असल्यामुळे फुलं भरपूर बसली.

हुल्दा

किरुना, २६ मे १९५५

ताई,

येतोय. दोघंही. एवेर्टला सूट नाही, खाणीतल्या एका मित्राचा घेतलाय, हात आखूड होतात पण तो म्हणतो पेला धरायला पुरतात.

टोपी तपकिरी होती. आल्बिनला सांग, मेव्हणीची साक्ष आहे. आणि नवऱ्या मुलाला जिंकू द्यायचं असेल तर सांग की मला आठवत नाही.

खाणावळीत सगळ्यांना कळलंय. आज सूप फुकट वाटलं, पत्रातलं ‘जिवंत आहे’ वाचल्यापासून वाढताना माझे हात काही थांबत नाहीत.

सिग्ने

स्मिड्सांचं घर, ९ ऑगस्ट १९५५

सिग्नेबाई,

तुला मी आजवर पत्र लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हात सुरी धरून धरून पेन विसरलाय. तू लग्नाला आलीस, नाचलीस, माझ्या शेजारी बसून तीन वेळा मासा घेतलास, म्हणून तुला सगळं कळवावं असं वाटलं. हुल्दा लिहील ते तिच्या बाजूचं लिहील.

लग्न तू बघितलंसच. बारा वल्ह्यांची होडी, मध्ये नवरानवरी, पुढे व्हायोलिनवाले, आणि चर्चच्या धक्क्याला लागताना माझा दगड बायकोला हात द्यायला उठला आणि अख्खी होडी डुचमळली. सगळा गाव हसला. मी पण.

जत्रेआधीच तुम्ही निघून गेलात, तेव्हा तिथलं सांगते. मी आधी नाहीच म्हणत होते. लोकांसमोर मांडवात बसून कोरायचं म्हणजे काय, मी काय अस्वल आहे? पण हुल्दाने मला तिचा निळा ब्लाउज घातला आणि स्टुलावर बसवलं. ती माझ्या शेजारी रंग घेऊन बसली. मी कोरायचा, तिने रंगवायचा. एक सायेब मोठ्ठा चष्मा लावून आला आणि म्हणाला, आजीबाई, परंपरेत घोडा समोर बघतो, तुमचा बाजूला का बघतो? मी म्हटलं, बाजूने चांगली बाई चाललीय म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यापारी म्हणाला आता घोड्याच्या पोटाखाली तुमचं नाव घाला. मी घातलं. योलिन, एवढंच. माझ्या बापाने माझ्या घोड्यांवर त्याचं नाव घातलं होतं, बिचाऱ्याची चूक नाही, तेव्हा तसंच होतं.

आता खरी गोष्ट ऐक. लग्न ठरलं तेव्हा मी हुल्दासाठी वरची खोली लिंपून घेतली, पडदे लावले, माझ्या आईची रजई बाहेर काढली. मनात म्हटलं, सून येते, आता चूल तिच्याकडे, गाय तिच्याकडे, मी मोकळी. लग्नानंतर चार दिवस झाले, आणि हुल्दा म्हणते, काकू, माझे रंग, माझी खिडकी, माझं सगळं सामान तिकडे आहे, उजेडही तिकडचाच चांगला. मी म्हटलं, मग? तर आल्बिन म्हणतो, मग मी तिकडे जातो. माझा दगड, ज्याला मी सत्तावन्न वर्षं उठ म्हटलं तरी उठत नव्हता, त्याने एका सकाळी स्वतःच्या पायाने आपलं सामान होडीत भरलं. आरसा पण नेला. वल्हवायला हुल्दा होती.

गावातल्या बायका आल्या मला धीर द्यायला. योलिन, सून आणायला निघालीस आणि पोरगाच देऊन बसलीस, म्हणाल्या. घरजावई झाला तुझा पोरगा. तोंड पाडून बसल्या होत्या माझ्यासाठी, मी पण जरा पाडलं, नाहीतर बरं दिसत नाही.

त्या गेल्या तसं मी टेबल ओढून खिडकीपाशी आणलं. ही जागा आधी माझ्या सासऱ्याची, मग नवऱ्याची, मग आल्बिनची. इथे बसून सगळ्यांनी कोरलं आणि मी त्यांच्या पायाखालच्या ढलप्या झाडल्या. आता मी बसते, आणि ढलप्या संध्याकाळपर्यंत तशाच पडू देते. रविवारी दोघं होडीतून जेवायला येतात. आल्बिन झाडू हातात घेतो, मी म्हणते, राहू दे रे, चालताना पायाखाली चांगल्या वाजतात.

पुढच्या उन्हाळ्यात ये. वरच्या खोलीत पडदे आहेत, रजई आहे, झोपायला कुणी नाही.

योलिन